फेस संपेपर्यंत

पोलादपूरच्या स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. भिंतीवर माझं फार्मसीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्याच्यावर धूळ बसते आणि मी ती पुसतो, एवढाच आजवर त्याचा उपयोग. त्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवून मला जाब विचारणारा माणूस एकच भेटला, कुडपणचे हैबतीकाका. शिक्षण सातवी. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आणि आज ही हकिगत लिहायला बसलोय तरी धड येतंय असं नाही.

काकांचं वय अडुसष्ट. कुडपणच्या माळावर थोडी नाचणी, थोडी वरी, दोन म्हशी, आणि प्रयागबाई ही त्यांची बायको. मुलगा मंगेश मुंबईला. आठवड्यातून एकदा काका एसटीने खाली येत, बाजार करत आणि परतीची गाडी लागेपर्यंत माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसत. आपण सुहाससाठी नाही, त्याच्या पंख्यासाठी बसतो, असं ते माझ्यासमोरच लोकांना सांगत. अंगात सदरा, तो इतका पांढरा की आमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी त्यांच्याशेजारी उभं राहायचं टाळावं.

त्या पांढरेपणामागे चाळीस वर्षांची नोकरी होती. अठराव्या वर्षी ते मुंबईला गेले तेव्हा गाववाले त्यांना एका कँटीनमध्ये लावणार होते. पण त्याच आठवड्यात वाडीतला एक जण, एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होता तो, आजारी पडला. त्याच्या बदली आठ दिवसांसाठी म्हणून काका गेले आणि रिटायर होऊनच बाहेर पडले. रोज चारेकशे चादरी यायच्या. त्यातल्या रक्ताच्या बाजूला काढायच्या आणि त्या साफ करायच्या, हे काकांचं काम.

त्याची पद्धत त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलीय की मी झोपेत म्हणून दाखवीन. "रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाय. गरम लागलं की डाग मुरला, मग बापजन्मात निघायचा नाय. थंड पाणी. मग फेसाचं औषध. फेस येतो, येऊ दे. पुसायचं. परत औषध, परत फेस. घाई करायची नाय. फेस संपला की डाग संपला." हे फेसाचं औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. एका चादरीवर रात्री कोणी मेलेलं असायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर कोणाचं तरी बाळ निजायचं, तरी कोणाला कळायचं नाही, याचा काकांना भारी अभिमान होता. गावी परतल्यावरही त्यांनी हा धंदा सोडला नाही. लग्नाच्या फेट्यावरचा पानाचा डाग असो नाहीतर पोरांच्या शाळेच्या शर्टावरची शाई, वाडी त्यांच्याच अंगणात यायची. हैबतीच्या दारात म्हैस बांधली तर सकाळी पांढरी निघेल, असं लोक म्हणत.

दिवाळीनंतर माळावर गवत कापायला सुरुवात झाली. कापताना कारवीच्या झुडपाचा एक खुंट चप्पल फोडून काकांच्या उजव्या पायात, करंगळीच्या मुळाशी शिरला. काकांना पत्ताच नाही. ते घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. प्रयागबाईंनी सारवलेल्या जमिनीवर लाल पावलं उमटलेली बघितली आणि विचारलं, "ही कोनाची?" अंगात साखर किती वाढलीय आणि तिने पायाची जाणीव किती खाल्लीय, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असं काकांनी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी सरकारी दवाखान्यात जखम धुतली ती पेरॉक्साइडनेच. आत माती होती, ती काढायला एकदा वापरलं तर त्यात काही वावगं नाही. पण काकांनी फेस बघितला आणि त्यांना चाळीस वर्षांचा दोस्त भेटला. पुढचं आपण बघतो, असं नर्सला सांगून ते निघाले आणि सरळ माझ्याकडे आले.

"सुहास, ते फेसाचं औषध दे."

मी दिलं. पुढच्या आठवड्यात दोन बाटल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. मला वाटलं, कोणाचे तरी कपडे धूत असतील. पायाला फडकं बांधलेलं दर आठवड्याला माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण ते फडकं इतकं स्वच्छ असायचं की त्याच्याखाली काही वाईट असेल असं मनातही आलं नाही. ही माझी चूक आणि ती मी कबूल करतो. औषध विकणाऱ्याने कशाला हवंय एवढं तरी विचारावं.

काका सकाळ-संध्याकाळ जखमेवर औषध ओतत, फेस पुसत, परत ओतत. फेस संपेपर्यंत ओतायचं, हा त्यांचा नेम. आणि फेस काही संपेना. असा चिवट डाग नोकरीत बघितला नाही, असं ते मला कौतुकाने सांगत. प्रयागबाई म्हणाल्या, महाडजवळ सवला जाऊ, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसा, माझ्या बापाच्या खरजेला गुण आला होता. काकांनी त्यांना वेड्यात काढलं. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही.

तीन महिने असे गेले. फेब्रुवारीत मंगेश गावी आला, त्याने ते फडकं सोडून बघितलं आणि बापाला गाडीत घालून महाडच्या डॉक्टरांकडे नेलं. साखर तीनशेच्या वर. जखम रुपयाएवढी, आतून लखलखीत स्वच्छ, पण कडा पाण्यात भिजलेल्या कातडीसारख्या पांढऱ्या आणि जागच्या जागी. डॉक्टरांनी जखमेभोवती पेनाने रेघ मारली. साखरेच्या गोळ्या दिल्या, मऊ चप्पल दिली, पायावर भार नको म्हणाले, आणि धुवायचं फक्त मिठाच्या पाण्याने, पेरॉक्साइड आजपासून बंद. तीन आठवड्यांत कड रेघेपासून आत सरकली तर ठीक, नाहीतर करंगळी काढावी लागेल, आणि वेळ आली तर करंगळीपुरतं भागणार नाही.

मंगेशने तिथेच सांगून टाकलं. पाय अर्धा झाल्यावर कुडपणच्या उतारावर राहता यायचं नाही. म्हशी विकायच्या आणि दोघांनी मुंबईला खोलीवर यायचं. पोटचा पोर दुसरं काय म्हणणार? पण चाळीस वर्षं ज्या माणसाने मुंबईतून सुटायचे दिवस मोजले, त्याला ते ऐकून काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. करंगळीचं काकांना एवढं काही नव्हतं, त्यांना माळ सुटेल याची धास्ती होती.

पुढच्या बाजाराला ते आले, स्टुलावर बसले नाहीत.

"सुहास, डॉक्टर बोलतो, त्या औषधानं धू नको. तुजं काय म्हननं हाय?"

"डॉक्टर बरोबर सांगतायत काका."

"मग तू तीन महिने कशाला देत व्हतास?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ते कशाचं लावलंस?"

पहिल्यांदा घाण काढायला चालतं, रोज नको, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"औषध तेच, पाय तोच. पयल्या दिवशी चालतं आनि मग नाय चालत, हे कसं? अजून फेस येतो, म्हंजे आत घाण हाय. घाण आत ठेवून वर मिठाचं पानी शिंपडू?"

 जास्त झालं की पेशी मरतात, एवढं कॉलेजात वाचलेलं आठवत होतं. पण फेस का येतो, आणि येतो तर तो वाईट का, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. काका वळले, पलीकडच्या दुकानात गेले आणि पेरॉक्साइडची बाटली, मला दिसेल अशी हातात धरून, माझ्यासमोरून एसटीकडे निघून गेले.

दोन आठवडे उरले असताना ते पुन्हा आले ते तेजश्रीला घेऊन. ही त्यांच्या मुलीची मुलगी. पुण्यात संशोधन करते, कशावर ते कोणाला नीट सांगता येत नाही. वाडीत समजूत अशी की सरकार हिला मासे पाळायचा पगार देतं. आजीने फोन केला म्हणून चार दिवसांची रजा काढून आली होती. आजोबा तिचंही ऐकेनात, म्हणून तिने त्यांना माझ्याकडे आणलं. चुकलेल्या दोघांना एकदमच समजावू, असा तिचा विचार असावा.

"आमचे मासे बोटाच्या नखापेक्षा लहान असतात," ती मला म्हणाली. "काचेसारखे आरपार दिसतात. त्यांच्या शेपटीला जरासा काप दिला की जखमेच्या कडेच्या पेशी काय करतात सांगू? त्या स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात. काही मिनिटांत."

"कुठलं पेरॉक्साइड?" मी विचारलं.

"हेच. तुमच्या बाटलीतलं. फक्त अगदी थोडं. जखमेपाशी जास्त आणि लांब जावं तसं कमी. ताप आला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात ना, त्या पेशी जिकडे हे जास्त, तिकडे निघतात. जखम कुठे आहे ते त्यांना त्यावरूनही कळतं."

"निघतात म्हंजे?" काका म्हणाले.

"चालतात, आजोबा. पुढचा भाग लांब करतात, टेकवतात आणि मागचा ओढून घेतात. जखम भरायची तर कडेच्या कातडीलाही असंच सरकत आत यावं लागतं. डॉक्टरांनी रेघ मारलीय ती तेवढ्यासाठीच."

काकांनी वाकून पायाच्या फडक्याकडे बघितलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मलाही पडला होता. "म्हंजे अंग सोताच हे औषध करतं. मग मी घालतो ते वाईट कसं? मी मदतच करतोय ना गो?"

तेजश्रीने उलट विचारलं, "पावसात माळावर धुकं उतरलं आणि म्हैस चुकली की आजी काय करते?"

"एका जागी उभी ऱ्हाते आनि हाळी घालते."

"आणि सगळ्या वाडीने सगळीकडून हाळी घातली तर?"

"म्हैस बावचळंल. हलायचीच नाय."

"तुम्ही बाटली ओतता तेव्हा तसंच होतं. सगळीकडून हाक. त्यातून कडेच्या पेशी भाजून निघतात त्या वेगळ्याच."

मला वाटलं, झालं काम. पण काका चादरी धुतलेले होते. "हाळीचं पटलं," ते म्हणाले. "पन फेसाचं काय? घाण नाय तर फेस कशाला येतो?" आणि माझ्याकडे वळून, "शिवाय साखर असली की कसं?"

यावर तेजश्रीने जे सांगितलं त्याने माझाच गोंधळ वाढला. साखर जास्त असली की म्हणे अंगात आधीच अशा पदार्थांचा गलका होतो, त्यात पेशींना खरी हाक ओळखू येत नाही. थोडं असलं तर पेशी भराभर चालतात, आणखी थोडं वाढलं की त्याच पेशी थांबतात. नेमकं किती म्हणजे थोडं, ते पेशीगणिक वेगळं. "आम्हालाही सगळं कळलेलं नाही," ती म्हणाली. शिकलेल्या माणसाने असं उघड म्हटलेलं मला बरं वाटलं. काकांना वाटलं नाही. डॉक्टरला कळत नाही, सुहासला कळत नाही, नातीला कळत नाही, मग माझ्याच पद्धतीत काय वाईट आहे, असा त्यांचा चेहरा झाला. ते पिशवी उचलू लागले.

त्या पिशवीत बाजारातले बटाटे होते. तेजश्रीने त्यातला एक काढला, माझ्याकडून ब्लेड घेतलं, काप केला आणि काउंटरवर ठेवून त्यावर पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले. कापावर पांढरा फेस उसळला.

काका वाकले. "बटाट्यावर कसला डाग?"

"बघा तुम्हीच."

त्यांनी काप स्वतः पुसला, दुसरा थेंब टाकला. परत फेस. बटाटा धुऊन आणला, नवा काप केला. परत फेस. मग तेजश्री शेजारच्या वड्याच्या गाडीवर गेली आणि तिथून उकडलेला बटाटा घेऊन आली. त्यावर थेंब टाकले. काही नाही. ओला झाला आणि तसाच पडून राहिला.

"हा मेलेला," ती म्हणाली. "आणि तो कच्चा, जिवंत. जिवंत पेशींत हे औषध फोडून टाकणारी वस्तू असते, स्वतःला वाचवायला. औषध फुटलं की फेस येतो. पायावर फेस येतो तो घाणीचा नाही आजोबा. तुमचा पाय जिवंत आहे म्हणून येतो."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही काउंटरवर वाकली. काकांनी दोन्ही बटाटे हातात घेतले. एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

"म्हंजे मी फेस संपायची वाट बघत व्हतो, ती..." ते म्हणाले आणि उकडलेला बटाटा काउंटरवर ठेवून दिला. त्या बाटल्या माझ्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "गो तेजू, चादरीवरचं रगत पन फेसाळायचं. ते जितं असायचं का?"

"जितं असं नाही म्हणता येणार. पण जिवंतपणी त्यात जे होतं, ते थोडं शिल्लक असायचं."

काकांनी मान हलवली. त्या दिवशी ते औषध न घेता गेले.

मिठाचं पाणी, गोळ्या, मऊ चप्पल, आणि काकांनी बाटली उघडू नये म्हणून प्रयागबाईंनी ती कपाटात ठेवून कमरेला लावलेली किल्ली, असे दोन आठवडे गेले. डॉक्टरांनी बघितलं. कड रेघेपासून तांदळाच्या दाण्याएवढी आत आली होती. त्यांनी नवी रेघ मारली आणि मुदत वाढवली. पण पायावर भार नको म्हणून काकांचं बाजाराला येणं बंद झालं. माझं स्टूल रिकामं राहिलं. मंगेश फोनवर सांगायचा, अजून बंद झालेली नाही, शेवटचं काय ते मेअखेर ठरेल. म्हशींना गिऱ्हाईक त्याने बघून ठेवलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बाजाराचा दिवस नसताना, दुपारी काका दुकानात शिरले. सदरा लाल धुळीने माखलेला, घामाने अंगाला चिकटलेला. त्यांना मळक्या कपड्यांत मी पहिल्यांदाच बघत होतो. खिशातून त्यांनी ती जुनी बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"सुहास, पाय मेला."

"काय झालं?"

"सकाळी म्हातारी न्हायला गेली तवा किल्ली उचलली आनि एक थेंब टाकला. जिता हाय का बघू म्हनून. फेसच आला नाय. परत टाकला. नाय आला." त्यांनी पायाकडे बोट केलं. "म्हातारीला नाय सांगितलं. आता सांग, किती कापतील?"

आधी मला वाटलं औषध शिळं झालं असेल. मी नवी बाटली फोडली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि फडकं सोडलं. करंगळीच्या मुळाशी जखम नव्हतीच. तिथे गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी कातडी होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी थेंब टाकला. फेस आला नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले.

मी दुसरा थेंब माझ्या तळहातावर टाकला आणि त्यांच्यापुढे धरला. तिथेही फेस नाही. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "म्हंजे तू पन?"

"काका, वर धड कातडी असली की आतलं जिवंत मांस औषधाला सापडत नाही. फेस उघड्या जखमेला येतो. तुमची जखम मिटली. आत सगळं जिवंत आहे."

ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. आधी फेस आला तर वाईट, मग आला तर चांगला, आता नाही आला तर चांगला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असंच बघितलं असतं. मग एकदम माझ्या लक्षात आलं की कुडपणची गाडी यायला अजून दोन तास होते.

"काका, तुम्ही आलात कसे?"

"सकाळची गाडी चुकली. चालत उतरलो. खाली कापडे गावात एक टेम्पो गावला, तोवर चालतच."

"किती वेळ चाललात?"

"असतील तीनेक तास."

"मेलेल्या पायाने?"

काकांनी पाय हातात घेतला. बोटाने त्या गुलाबी जागेभोवती दाबून बघितलं, पेनाच्या रेघेचा पुसट निळा माग होता तिथपर्यंत. रेघ बाहेरच राहिली होती. "सगळी वाट मी त्याला कापायला नेत व्हतो," ते म्हणाले, "आनि तो मला घेऊन चालला व्हता."

 एवढं चालल्याबद्दल मी त्यांना रागवायला हवं होतं, कोवळी कातडी फाटली असती, पण ते राहून गेलं. मी पाण्याचा तांब्या दिला. ते घटघट प्यायले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि बाहीवर लाल चिखल झाला तो बघून कपाळाला आठी घातली.

"मंगेशला फोन लाव," ते म्हणाले. "म्हशी इकू नको म्हनावं."